काळ्या पाण्यावर गेलेल्यांचं गाव

(रेडिओवरील भाषण)

खानदेशात घराण्याचा शोध घ्यायला माणूस निघाला की बरोबर आडनाव घेऊन निघतो. पाटील, महाजन, चौधरी, नाईक. मग दप्तरखान्यात त्याच्यापुढे ढीगभर पाटील उभे राहतात आणि आठवडाभराने तो घरी येऊन सांगतो, पणजोबांच्या भावाची नोंदच नाही. नोंद पुष्कळदा असते. त्याने आधी गाव विचारायला हवं होतं.

दहा मिनिटांच्या या भाषणात हीच गोष्ट दोन-तीनदा येईल, श्रोत्यांनी राग मानू नये. मुंबई इलाख्यातून शिक्षा होऊन समुद्रापार गेलेले कैदी असोत की गिरमिटावर, म्हणजे करारावर, मॉरिशसला गेलेले मजूर, त्यांचा माग लागतो तो गावावरून. नाव मागाहून.

रावेर-यावलच्या शेतकऱ्याला हे केळीवरून चटकन कळेल. केळीचं पान वाऱ्याने फाटतं. एका वादळात बागेच्या चिंध्या होतात. घड उतरला की खोडही कापलं जातं. राहतो तो जमिनीतला कंद, आणि त्याच्याच अंगाला मुनवा फुटून पुढची पिलबाग उभी राहते. शोधणाऱ्याच्या कामात नाव हे पान आहे. ते कारकुनाच्या हातात फाटतं, जहाजावर फाटतं, परक्या भाषेत फाटतं. गाव हा कंद.

मॉरिशसचं पाहा. १८३४ पासून पुढच्या काळात हिंदुस्थानातून साडेचार लाखांवर मजूर तिथे उसाच्या मळ्यांवर गेले. मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही त्यांत होते. त्यांची रजिस्टरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवलेली आहेत. मजुराचा क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, जहाज. मग जिल्हा, परगणा, गाव. पुढेपुढे फोटोसुद्धा. समजा, नावाच्या रकान्यात नुसतं ‘सखाराम’ आहे. त्या सखारामाच्या नातवंडांचं आडनाव तिथे ‘सखाराम’च होऊन बसतं, आज्याचं पाळण्यातलं नाव, नातवाचं आडनाव. असा नातू उद्या महाराष्ट्रात मूळ शोधायला आला, तर त्याला आपल्या आडनावाचा भाऊबंद इथे कसा सापडणार? त्याचा आधार त्या ओळीतला गावाचा रकाना.

ऑस्ट्रेलियातही हाच अनुभव, फक्त त्यांचा कंद निराळा. १७८८ ते १८६८ या काळात ब्रिटन आणि आयर्लंडमधून सुमारे १,६२,००० कैदी तिथे नेले गेले. जमिनी घेऊन बसलेल्या वसाहतकऱ्यांना हे कैदी शेतावर आणि घरकामाला नोकर म्हणून वाटून दिले जात. न्यू साउथ वेल्सच्या १८२८ च्या शिरगणतीत माणूस आपखुशीने आला, शिक्षा होऊन आला की तिथेच जन्मला, कोणत्या जहाजाने आणि कोणत्या साली आला, कोणाकडे कामाला आहे, एवढं सगळं नावापुढे मांडलेलं आहे. जॉन स्मिथ तिथेही ढिगाने. म्हणून तिथला शोधणारा जहाजाचं नाव धरतो आणि त्यावरून आपला जॉन स्मिथ वेगळा काढतो. कैदी पूर्वजाचं नाव घरात काढायचं नाही, अशी कित्येक घरांची रीत होती. आता तीच माणसं अभिमानाने वंशावळ दाखवतात, आणि २००७ मध्ये युनेस्कोने ती कैद्यांची दप्तरं जागतिक स्मृतिठेव्यात घेतली.

आपल्याकडची दप्तरं काही कमी मोलाची नाहीत. त्यांतली माणसं कुठेकुठे गेली ते पाहा. १८१५ ते १८३७ या काळात बंगाल आणि मुंबई इलाख्यांतले कैदी मॉरिशसला पाठवले जात. १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन पोर्ट लुईला उतरला तेव्हा रस्त्यांच्या कामावरचे हे हिंदी कैदी त्याने पाहिले आणि त्यांच्या रुबाबदार चेहऱ्यांबद्दल लिहून ठेवलं. सिंगापूरचं सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल हिंदी कैद्यांच्याच हातांनी उभं राहिलं. पुढे १० मार्च १८५८ रोजी दोनशे कैद्यांची पहिली तुकडी अंदमानला उतरली.

त्यानंतर एका महिन्याने, ११ एप्रिलला, सातपुड्यात इंग्रज आणि भिल्ल यांच्यात आंबापाणीची लढाई झाली. भिल्लांचे पुढारी होते खाज्या नाईक आणि भीमा नाईक. आता खाज्या हे एकच नाव किती तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं ते ऐका: खाज्या, काजेसिंग, कजरसिंग, ख्वाजा. माणूस एकच, सेंधवा घाटाची राखण केलेला. एवढ्या नावाजलेल्या माणसाची ही गत, तर त्याच्या मागून चालणाऱ्या, नुसत्या ‘काळू’ किंवा ‘भुऱ्या’ नावाच्या शिपाईगड्याची काय असेल? भीमा नाईक १८६७ मध्ये पकडले गेले आणि १८७६ मध्ये अंदमानातच वारले.

अंदमानात कैद्याच्या गळ्यात लाकडी बिल्ला असे. त्यावर क्रमांक, कायद्याचं कलम, शिक्षेची तारीख आणि सुटकेची तारीख. १९११ मध्ये गेलेल्या सावरकरांचा क्रमांक ३२७७८ होता आणि सुटकेचं साल १९६०. त्या बिल्ल्यावर गावाला जागा नव्हती. गाव राहिलं खटल्याच्या कागदांत, आणि घरी.

पण गावाचं नावसुद्धा जसंच्या तसं सापडेल असं धरून चालू नये. कंदावर माती असते, ती खरवडावी लागते. जुने इंग्रज कारकून ‘अ’साठी ‘यू’ लिहीत, ‘ऊ’साठी दोन ‘ओ’, ‘ई’साठी दोन ‘ई’. मग अमळनेर ‘यू’ अक्षराखाली जातं, चोपड्याचा ‘चोप्रा’ होतो, आणि खुद्द खानदेश कुठे ‘के’मध्ये तर कुठे ‘सी’मध्ये बसतं. त्यात आपली अहिराणी. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो. धुळ्याचं धुये, केळीची केयी, काळूचा कायू. कारकुनाने जे कानावर पडलं ते लिहिलं. तेव्हा शोधणाऱ्याने गावाचं नाव आधी अहिराणीत मोठ्याने म्हणावं आणि मग यादीवर बोट ठेवावं.

जिल्ह्यांच्या सीमाही हलल्या. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता. त्याआधीच्या कागदात ‘जळगाव जिल्हा’ शोधणं व्यर्थ. मालेगाव आणि बागलाण १८६९ मध्ये नाशिककडे गेले. पूर्व खानदेश पुढे जळगाव झाला, पश्चिम खानदेश धुळे, आणि १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा निघाला. एदलाबाद म्हणजे आजचं मुक्ताईनगर. आणि जळगाव जामोद बुलढाण्यात आहे, हे तर किती जण विसरतात!

इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी गावाच्या नावाचं हे मोल ओळखलं होतं. गावांच्या नावांचा उलगडा करण्यात त्यांनी अतोनात श्रम घातले. १९२६ च्या ३१ डिसेंबरला ते धुळ्यात वारले आणि पुढच्याच महिन्यात त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. त्यांनी पायी हिंडून दप्तरं गोळा केली. आपल्याला माळ्यावरची पेटी उघडायचाही कंटाळा! मोडी वाचता येत नाही म्हणून आजोबांचे कागद रद्दीत गेले, हे खानदेशातल्या किती घरांत घडलं असेल. वाचता येत नसेल तर राहू द्या, पण टाकू नका.

गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींत, ज्यांना आपण कोतवाल बुक म्हणतो, त्यांत एक मौजेची गोष्ट असते. समुद्रापार गेलेल्या माणसाचा जन्म तिथे सापडू शकतो, मृत्यू सापडत नाही. ज्याचा जन्म आहे आणि मृत्यू नाही, अशी नावं वेगळी काढली तर... याला खरं तर एक स्वतंत्र भाषण हवं. बायकांविषयी तर अजून काहीच बोलणं झालं नाही. नवऱ्याला जन्मठेप झाल्यावर गावात राहिलेल्या बाईच्या नावाने जमिनीची नोंद झाली असेल, तर तीही एक मोठी वाट आहे.

वेळ संपत आली. घरात सगळ्यांत म्हातारं जे माणूस असेल त्याच्याजवळ आज संध्याकाळी बसावं, कागद-पेन घेऊन. कोण कुठे गेला, आणि जाताना त्याचं गाव कोणतं होतं, तालुका कोणता होता, हे विचारावं. आणि म्हातारी गावाचं नाव जसं उच्चारेल तसंच, ‘ळ’चा ‘य’ न सुधारता, उतरवून घ्यावं.