माझं बोअर, माझं पाणी



संकटात आपण सगळेच चांगले असतो. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी हादरली, तेव्हा गावोगावच्या चुली भूकंपग्रस्तांसाठी पेटल्या. त्या चांगुलपणाबद्दल मला शंका नाही. मला बोलायचं आहे ते एरवीच्या दिवसांबद्दल. भूकंप नसतो, पेपरात फोटो नसतो आणि आपण भली माणसं आहोत याबद्दल मनात तिळमात्र शंका नसते, त्या दिवसांबद्दल.

लूकच्या शुभवर्तमानात बाराव्या अध्यायात येशूनं एका शेतकऱ्याची गोष्ट सांगितली आहे. पीक उदंड आलं, कोठारं पुरेनात. तो म्हणाला, जुनी पाडू, मोठी बांधू, मग खाऊ-पिऊ, मजेत राहू. त्याच रात्री देवानं त्याचा प्राण मागितला. आता सांगा, याचा गुन्हा काय? चोरी केली नाही. मजुरी बुडवली, असंही येशू म्हणत नाही. हा तर आपल्याकडचा प्रगतिशील शेतकरी. एखादा पुरस्कारही मिळाला असता. फक्त त्याच्या साऱ्या हिशेबात दुसरं माणूस कुठेच नाही.

तसाच हिशेब आपणही मांडला. २०१६ साली लातूरला काय झालं ते तुम्हाला मी काय सांगू? मांजरा धरण आटलेलं, पाणवठ्यांभोवती मार्चमध्ये १४४ कलम, एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे. पहिल्या खेपेला दहा टँकर, पाच लाख लिटर. पाऊस पडला नाही हे खरंच. पण त्याआधी कित्येक वर्षं आपण काय करत होतो? शेजाऱ्याला दोनशे फुटांवर पाणी लागलं, की आपण चारशेवर जायचं, आणि वर ऊस लावायचा. जमीन माझी, पैसा माझा, बोअर माझं. काळ्या खडकाच्या भेगांतलं पाणी मात्र बांध ओळखत नाही. शेजाऱ्याची विहीर आटली, तेव्हा आपण हळहळलो आणि त्याला दोन घागरी दिल्या. या दोन घागरींनी आपल्याला फार गाढ झोप लागते.

लूकच्याच शुभवर्तमानात जक्कय नावाचा जकातदार आहे. येशू घरी आल्यावर तो भजन म्हणत बसला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत, असं त्यानं तिथल्या तिथे जाहीर केलं. श्रद्धा म्हणजे मी हे समजतो.

पण वाईट माणसाला जागं करणं सोपं. लक्ष्मीबाई टिळकांचं काय? १८९५ साली त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे नवऱ्याकडे राहायला आल्यावरही त्या आपलं सोवळं सांभाळून वेगळ्या रांधत होत्या. बाई मायाळू होत्या, प्रामाणिक होत्या. सोवळं हा त्यांच्या चांगुलपणाचाच भाग होता, म्हणून तर ते सुटायला वर्षं गेली. माणसांतल्या या जाती देवानं केलेल्या नाहीत, हे त्यांना उपदेशातून कळलं नाही. त्यांचं त्यांनाच उमगलं, आणि जातीबाहेरच्या हातचं पाणी पिऊन त्यांनी ते अमलात आणलं. १९००मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हे सारं त्या स्वतःला हसत हसत सांगतात. एवढं हसू मला आमच्या पुलपिटावरून क्वचितच ऐकू येतं.

आमच्या घरचंही, म्हणजे आम्हा ख्रिस्ती मंडळींचंही सांगतो. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत. शिखांना त्या १९५६ साली मिळाल्या, बौद्धांना १९९० साली. या अन्यायाविरुद्ध आम्ही मोर्चे काढतो, आणि काढायलाच हवेत. तीच आमची माणसं मुलीचं स्थळ पाहताना हळूच विचारतात, ‘पाहुणे मूळचे कोण?’ रविवारी मात्र सगळे एकाच प्रभुभोजनाला. चर्च कमिटीच्या बैठकीत पुढच्या निवेदनाआधी हा विषय घ्या, असं मी सुचवलं. सध्या तो ‘इतर विषय’ या सदरात, चहाच्या नंतर आहे.