शेवटच्या शिट्टीपर्यंत

(डिसेंबर २०२४ च्या स्नेहमेळाव्यात ‘निवृत्तीनंतरचे दिवस’ या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि एक अट घातली आहे. ‘हॉकीवर बोल, पण स्कोअर सांगत बसू नकोस.’ हॉकीवर बोलणार आहे. स्कोअरचं मात्र आश्वासन देत नाही.

सकाळी पोवई नाक्यावर उतरल्यापासून निदान दहा जणांनी मला विचारलं, ‘गुडघा कसा आहे गं?’ आपल्या ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छांबरोबरही माझ्या गुडघ्याची चौकशी होते. गुडघा उत्तम आहे. त्याच्याबद्दल शेवटी बोलते.

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा सांगलीतल्या शेजारणी म्हणाल्या, आता भजनी मंडळात ये. मी गेले, दोन महिने टाळ वाजवले. पण माझं खरं वेड वेगळंच होतं. भारताच्या महिला हॉकी संघाचा सामना जगात कुठेही असो, मी टीव्हीसमोर. आमचे हे म्हणतात, ‘घरात पाहुणे येणार असतील तर आधी हॉकीचं वेळापत्रक बघावं लागतं.’

हे वेड लागलं ते याच शाळेत. नोव्हेंबर-डिसेंबर १९८२, दिल्लीचं एशियाड. तेव्हा आपण नववीत होतो. एक डिसेंबरला पुरुषांची फायनल, समोर पाकिस्तान. आमच्या घरी सगळे रेडिओभोवती बसले होते. आपण ७-१ ने हरलो, हे तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. मला मात्र शेवटचे गोल ऐकल्याचं आठवत नाही, कारण बाबांनी मध्येच उठून रेडिओ बंद केला. ‘आता काय ऐकायचं राहिलंय?’ म्हणाले.

त्याच एशियाडमध्ये महिलांची हॉकी पहिल्यांदाच खेळली गेली आणि आपल्या मुलींनी सुवर्णपदक जिंकलं. ते किती जणांना आठवतं? हात वर करू नका, मला उत्तर माहीत आहे. सरांना मात्र आठवत असणार. त्यांनी त्या बातमीचं कात्रण आणून सूचना फलकावर लावलं होतं. कप्तान एलिझा नेल्सन, जन्म पुण्याचा. सर म्हणाले, ‘पुणं इथून किती लांब आहे गं? एसटीनं तीन तास.’ त्या एका वाक्यावर आम्ही चौदा मुलींनी नावं दिली.

चौदा मुली आणि नऊ स्टिका. मुरमाचं मैदान. नडगीला लागू नये म्हणून मोज्यात वर्तमानपत्राच्या घड्या. सर सकाळी साडेपाचला येऊन मैदानावर बादलीनं पाणी मारायचे, धूळ बसावी म्हणून. थंडीत अजिंक्यताऱ्यावर ऊन यायच्या आत आमचा एक तास झालेला असायचा. पुढच्या वर्षी, दहावीत, आपण जिल्ह्यात जिंकलो आणि विभागाचे सामने सांगलीला लागले. ती गोष्टही शेवटी सांगते.

पुढे लग्न होऊन मी सांगलीला गेले. माहुलीला जिच्या पाण्यात पाय सोडून बसायचो, तीच कृष्णा तिथे आयर्विन पुलाखालून जाते, म्हणून परकं वाटलं नाही. नोकरी, मुलं, २००५ चा पूर, २०१९ चा पूर, यात हॉकी कुठेतरी मागे पडली होती. ती परत आली २०२१ च्या ऑगस्टमध्ये, टोकियो ऑलिंपिकला. सहा ऑगस्टची सकाळ, कांस्यपदकाचा सामना, समोर ग्रेट ब्रिटन. आपण ०-२ ने मागे होतो. मध्यंतरापर्यंत ३-२ ने पुढे गेलो आणि शेवटी ३-४ ने हरलो. मुली मैदानातच रडायला लागल्या. मी गॅसवरचं दूध विसरले. त्या दिवशी ठरवलं, एकदा तरी या मुलींना प्रत्यक्ष मैदानावर जाऊन बघायचं.

संधी आली जानेवारी २०२४ मध्ये. पॅरिस ऑलिंपिकची पात्रता स्पर्धा रांचीला होती. आठ संघ, त्यातले पहिले तीन पॅरिसला जाणार. आपल्याच वर्गातली माझी मैत्रीण बरोबर यायला तयार झाली. ती आत्ता दुसऱ्या रांगेत बसली आहे. ‘माझं नाव घेतलंस तर उठून जाईन,’ अशी ताकीद आहे, म्हणून घेत नाही. पण आपल्या संघाची गोलकीपर कोण होती, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

पुण्याहून हटियाची गाडी पकडली. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि साताऱ्याचे कंदी पेढे. पेढे जिंकल्यावर वाटायला घेतले होते. रांचीच्या स्टेडियमला जयपालसिंग मुंडा यांचं नाव आहे. १९२८ साली ॲम्स्टरडॅमला भारतानं हॉकीचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, त्या संघाचे ते कप्तान. आदिवासी घरातला मुलगा, पुढे घटना समितीत गेला. आणि तिथली हॉकी नुसती पाटीवर नाही. निक्की प्रधान खुंटीची, सलिमा टेटे सिमडेगाची. आमच्या शेजारी बसलेल्या बाया सलिमाला हाक मारत होत्या, जणू ती त्यांच्या गल्लीतून दूध आणायला चालली आहे.

मग आम्ही तरी का मागे राहू? संघात वैष्णवी फाळके होती. फलटण तालुक्यातल्या आसू गावची. आपल्या साताऱ्याची! त्याच तालुक्यातल्या वाखरीच्या अक्षता ढेकळेनंही भारताची जर्सी घातली आहे. वैष्णवीकडे चेंडू आला की आम्ही दोघी उभ्या राहून ओरडायचो, ‘चल गं आसूकर!’ शेजारच्या बाईंनी विचारलं, ‘आपकी रिश्तेदार है?’ मैत्रीण म्हणाली, ‘हाँ, जिले की तरफ से.’

जे खेळले नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द. आपल्या वेळची हॉकी आता राहिलेली नाही. मुरूम गेला, निळं टर्फ आलं. सामन्याआधी त्यावर पाण्याचे फवारे मारतात, म्हणजे चेंडू सुळकन पळतो. सरांची बादली आणि हे फवारे, हेतू वेगळा, पण ते पाणी बघून मला हसू आलं. पूर्वी पस्तीस मिनिटांचे दोन भाग असायचे, आता पंधरा मिनिटांचे चार. ऑफसाइड गेलं. बरोबरी झाली तर शूटआउट. एकीनं तेवीस मीटरच्या रेषेवरून चेंडू घेऊन निघायचं, समोर फक्त गोलकीपर आणि आठ सेकंद. आठ सेकंद म्हणजे किती, हे शूटआउट प्रत्यक्ष बघेपर्यंत मला माहीत नव्हतं.

तेरा जानेवारीला पहिलाच सामना अमेरिकेशी, ०-१ हरलो. दुसऱ्या दिवशी न्यूझीलंडला ३-१ हरवलं. मग इटलीला ५-१. उदिताचा तो शंभरावा सामना होता आणि तिनं पहिल्याच मिनिटाला गोल केला. पेढ्यांचा पुडा उघडायला काढला होता. मैत्रीण म्हणाली, ‘थांब, अजून काही मिळालं नाहीये.’

अठरा तारखेला जर्मनीशी उपांत्य सामना. जिंकलो तर पॅरिस पक्कं. दीपिकानं गोल केला, जर्मनीनं बरोबरी केली. तीन मिनिटं उरली असताना जर्मनी पुढे गेली. लोक उठायला लागले. आणि एकोणसाठाव्या मिनिटाला इशिका चौधरीनं बरोबरी केली! जे जिन्यापर्यंत पोचले होते ते धावत परत आले. शूटआउट ३-४. हरलो.

तरी एक दार उघडं होतं. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या जागेसाठी जपानशी सामना. सहाव्या मिनिटाला जपाननं गोल केला. उरली चोपन्न मिनिटं. पेनल्टी कॉर्नरमागून पेनल्टी कॉर्नर मिळत गेले, पण चेंडू काही आत जाईना. तिसरा भाग संपला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. मी मैत्रिणीला म्हटलं, ‘चल निघू. रात्रीची गाडी आहे, रिक्षा मिळायची नाही. हे बघवत नाही मला.’

ती मैदानावरची नजर न काढता म्हणाली, ‘तू जा. मी थांबते. मला शेवटपर्यंत उभं राहायची सवय आहे.’

मी बसले. पंधरा मिनिटं बसले. ०-१. शेवटच्या मिनिटापर्यंत मुली धावत होत्या. हूटर वाजला आणि त्या जिथे होत्या तिथेच खाली बसल्या. पॅरिस गेलं. स्टेडियम काही क्षण शांत होतं. मग शेजारच्या बाईंनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि आमच्या स्टँडमध्ये बरेच जण उभे राहिले. त्या टाळ्या वाजवताना मला कळलं, की सामना कुठलाही असो, हरल्यावर वाजवलेल्या या टाळ्या मी आयुष्यात पहिल्यांदा वाजवते आहे. त्याआधी मी दर वेळी आधीच उठून गेले होते. बाबांनी रेडिओ बंद केला होता तशी.

आता सांगलीची गोष्ट.

ऑक्टोबर १९८३. विभागाचा सामना. आपण बारा जणी गेलो होतो, त्यातल्या एकीला तापानं घेरलेलं. मध्यंतराला ०-३. मी राइट हाफ. तिन्ही गोल माझ्या बाजूनं आले होते. प्रेक्षकांतली मुलं माझ्या नावानं ओरडत होती. मध्यंतरात मी सरांना म्हटलं, ‘सर, गुडघा मुरगळला. टेकवत नाही.’ सरांनी आयोडेक्स चोळलं, मला मैदानाबाहेर बसवलं आणि आपला संघ उरलेला सामना दहा जणींनी खेळला. मी बाहेरही बसले नाही, एसटीत जाऊन बसले. शेवटी किती गोल झाले हे मी नंतरही कुणाला विचारलं नाही. रात्री साताऱ्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा माझी पिशवी आणि स्टिक सरांनी उचलली आणि घरापर्यंत माझ्याबरोबर हळूहळू चालत आले. मी लंगडत होते. मग दहावीचं वर्ष म्हणून पुन्हा मैदानावर गेलेच नाही.

त्या मैदानावरून सांगलीत मी तीस वर्षं भाजीची पिशवी घेऊन जाते आहे. दर वेळी पलीकडच्या फुटपाथनं.

रांचीहून परतताना, रात्री गाडीत, मी मैत्रिणीला सांगितलं. ‘तुला एक सांगायचंय. माझ्या गुडघ्याला काही झालं नव्हतं.’

ती पेढ्यांचा पुडा उघडत होती. म्हणाली, ‘माहितेय. एसटीच्या पायऱ्या तू धावत चढलीस. मी गोलमधून बघत होते.’

‘मग चाळीस वर्षं बोलली का नाहीस?’

‘सर म्हणाले होते, तिला काही विचारू नका.’

एवढं बोलून तिनं मला पेढा दिला आणि म्हणाली, ‘०-५. तुला माहीत नसेल म्हणून सांगते. शेवटच्या दहा मिनिटांत आपण एकही खाल्ला नाही.’

सर, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. तुम्हाला कळलं होतं, हे मला यंदाच्या जानेवारीत कळलं. तरीही मी सांगायचं राहिलं होतं, म्हणून सगळ्यांसमोर सांगते. गुडघ्याला काही झालं नव्हतं. मला हरताना दिसायचं नव्हतं. त्या दहा जणींपैकी आज सहा जणी इथे आहेत. त्यांची मी मनापासून माफी मागते. आणि ग्रुपवर माझ्या गुडघ्याची चौकशी आता बंद करा ही विनंती.

गेल्या महिन्यात बिहारमधल्या राजगीरला आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल झाली. वीस नोव्हेंबर. चीनशी. तेच चीन, ज्यांनी तीन महिन्यांपूर्वी पॅरिसमध्ये रौप्यपदक मिळवलं होतं. आपण १-० ने जिंकलो, गोल दीपिकाचा, कप्तान सलिमा, आणि संघात आसूची वैष्णवी. रांचीत टर्फवर खाली बसलेल्यांपैकीच कितीतरी जणी. मैत्रीण साताऱ्यात, मी सांगलीत, दोघींचे फोन चालू. शेवटच्या दोन मिनिटांत आमचे हे म्हणाले, ‘टेन्शन येतंय, बंद करू का?’ मी रिमोट काढून घेतला.

दोन वर्षांनी, २०२६ मध्ये, नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये वर्ल्ड कप आहे. तिथवर जाणं आमच्या पेन्शनला झेपेल की नाही, ठाऊक नाही. पण आपला संघ तिथे पोचला तर सामने टीव्हीवर दिसतील. ज्यांना यायचं असेल त्यांनी सांगलीला आमच्या घरी यावं. चहा, भडंग माझ्याकडे. अट एकच. शेवटची शिट्टी होईपर्यंत कुणी उठायचं नाही.

सर, तुम्हाला न्यायला मी स्वतः साताऱ्याला येईन. या वेळी पिशवी मी उचलेन.