सूज आणि बाळसे

अंगावर चढलेली सूज कोणती आणि अंगाने धरलेले बाळसे कोणते, हा भेद ओळखावा, असे मराठी घरांतून वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. मात्र वाढत्या वयाच्या मुलाकडे पाहताना नेमकी हीच पारख हटकून चुकते. मुलगा अंगाने भरला, की घर खाऊनपिऊन सुखी आहे असे मानले जाते.

कोलकाता नगरीला या सुखाची किंमत फार पूर्वीच कळू लागली होती. १९०७ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनमध्ये उष्ण कटिबंधातील मधुमेहावर चर्चा झाली. त्या चर्चेत कलकत्त्याचे नामांकित डॉक्टर कैलासचंद्र बोस यांनी बंगालमधील सुखवस्तू, बैठ्या जीवनाच्या वर्गात हा विकार किती बळावला आहे, याकडे लक्ष वेधले होते. तेव्हाचा रोगी प्रौढ होता. आज मात्र या विकाराची पूर्वचिन्हे शाळकरी वयातच दिसू लागली आहेत.

केंद्र सरकारच्या २०१६ ते २०१८ मधील राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात पाच ते नऊ वर्षांच्या मुलांचे रक्त तपासले गेले. ट्रायग्लिसराइड या मेदाचे प्रमाण देशातील सुमारे ३४ टक्के मुलांत वाढलेले आढळले. पश्चिम बंगालमध्ये तो आकडा ६७ टक्के, तर महाराष्ट्रात सुमारे १९ टक्के होता. दहा ते एकोणीस या वयोगटात देशभर १६ टक्के मुले या विळख्यात होती. यातली सगळीच मुले लठ्ठ नव्हती. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवले आहे, की भारतीय अर्भक वजनाने हलके असले तरी त्याच्या अंगी मेदाचा वाटा तुलनेने अधिक असतो. अशा देहावर किशोरवयात वजनाची भर पडली, म्हणजे ती अधिकच जड जाते.

हे घडते कसे? इन्सुलिन हे स्वादुपिंडात तयार होणारे द्रव्य. रक्तातील साखरेला स्नायूंत वाट करून देणे आणि यकृताला जादा साखर सोडण्यापासून आवरणे, ही त्याची कामे. पोटात व यकृतात मेद साठला, की स्नायू आणि यकृत इन्सुलिनला दाद देईनासे होतात. मग स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन ओतून वेळ निभावून नेते. साखरेची तपासणी निर्दोष येते आणि घर निश्चिंत होते. पण त्याच वेळी यकृत ट्रायग्लिसराइडने भरलेले कण रक्तात सोडत असते आणि हितकर समजले जाणारे एचडीएल घटत असते. साखर बोलण्याच्या कितीतरी आधी मेद बोलू लागतो, तो असा.

वयात येताना प्रत्येकच मुलाचे शरीर काही काळ इन्सुलिनला कमी दाद देते. निकोप बांध्याच्या मुलात वाढ पुरी होताच हे ओझे उतरते; स्थूल मुलात ते बहुधा मागे उरते. म्हणूनच ही चार-पाच वर्षे मोलाची.

देह स्वतःही इशारा देतो. मानेच्या मागे व काखेत कातडी काळपट, जाडसर, मखमलीसारखी होते. आई तिला मळ समजून घासत राहते आणि मूल विनाकारण बोलणी खाते. अशी खूण दिसली किंवा कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून अधिक भरला, तर डॉक्टरांकडून रक्तातील साखर आणि मेद दोन्ही तपासून घ्यावे. दहा वर्षांवरील मुलात १०० मिलिलिटर रक्तामागे १३० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक ट्रायग्लिसराइड भरले, तर ते वाढलेले मानतात.

उपाय उपासमारीचा नव्हे. पूजेच्या दिवसांतला संदेश हा शत्रू नाही. रोजचे तळण आणि बाटलीतली गोड पेये यांना आवर हवा. डाळ, भाजी, मासळी हा बंगालचा साधा आहार आजही उत्तमच आहे. कोलकात्यासारख्या फुटबॉलवेड्या शहरात मुले शिकवणीच्या बाकावर नाहीतर पडद्यासमोर बसून राहावीत, हे दुर्दैव होय. रोज तासभर खेळल्याने वजन फारसे न उतरताही स्नायू इन्सुलिनला पुन्हा दाद देऊ लागतात. शिवाय एकट्या मुलाचे ताट वेगळे काढल्याने त्याच्या वाट्याला केवळ लाज येते. ताट बदलायचे, तर साऱ्या घराचे बदलले पाहिजे.

प्रौढपणी हा विकार बहुधा जन्माचा सोबती होतो. किशोरवयात त्याला अजून उंबऱ्यावरून परत पाठवता येते.