काळ्या पाण्याचं जंगल कोणाचं होतं?
(शिबिरातलं भाषण)



काळं पाणी म्हटलं की आपल्याला जेल आठवतो. पण तो जेल बांधायला घेतला १८९६ साली. कैदी त्याच्या कितीतरी आधी, मार्च १८५८ मध्येच गेले. बंडानंतर इंग्रजांनी दोनशे कैदी बोटीनं अंदमानला उतरवले. काम काय? जंगल तोडा. जे पळाले आणि सापडले, त्यातले ऐंशीच्या वर साहेबानं फासावर दिले.

आणि ते जंगल रिकामं नव्हतं. तिथं अंदमानी आदिवासी पिढ्यान् पिढ्या शिकार करून, मासे धरून राहत होते. त्यांना कोणी विचारलं नाही. मे १८५९ मध्ये ते धनुष्यबाण घेऊन उठले. पण दूधनाथ तिवारी नावाचा पळालेला कैदी, ज्याला त्यांनी वर्षभर सांभाळलं, बायको दिली, त्यानंच साहेबाला आधी खबर दिली. बाण बंदुकीपुढं टिकले नाहीत. पुढं १८७७ ला गोवर आला. ज्यांना ग्रेट अंदमानी म्हणतात, ते हजारो होते. आज शंभरही नाहीत.

आता ध्यानात घ्या. कुऱ्हाड कैद्याच्या हातात होती, हुकूम सरकारचा होता. मेले दोघंही. आपल्याकडंही एका ठिकाणचा उठवलेला गरीब दुसऱ्या गरिबाच्या जमिनीवर आणून बसवतात, आणि आपण एकमेकांशी भांडत बसतो. भांडण हुकूम देणाऱ्याशी पाह्यजे. कागदावर कोणी ‘जागा मोकळी’ लिहिलं, तर पहिला सवाल हाच करा: गावाला विचारलं का?

जिंदाबाद!