वसंतरावांच्या नावाने सुरांचा सोहळा

जुलै सरत आला, की नागपूरच्या रसिकांना डॉ. वसंतराव देशपांडे स्मृती संगीत समारोहाचे वेध लागतात. ३० जुलै ही वसंतरावांची पुण्यतिथी.

१९२० साली मूर्तिजापूरला जन्मलेल्या वसंतरावांनी नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाण्याचे धडे गिरवले. १९६७च्या ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकातले त्यांचे खाँसाहेब अजरामर झाले; त्याचे नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकरही नागपूरचेच.

दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र सिव्हिल लाइन्समधल्या वसंतरावांच्याच नावाच्या सभागृहात हा समारोह भरवत आलं आहे. प्रवेश विनामूल्य! ओली छत्री मिटायची, खुर्ची गाठायची आणि जुळणारे तानपुरे ऐकायचे. मुलांनाही सोबत न्या. लहानपणी कानावर पडलेलं गाणं आयुष्यभर साथ देतं.