दोन किल्ल्यांचे कुलूप

जनावरांच्या जुन्या बाजारात बैलाचा सौदा ठरताना किंमत तोंडाने बोलली जात नसे. विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा हात एका रुमालाखाली जाई. बोटे दाबून आकडा सांगितला जाई, बोटे दाबूनच तो नाकारला जाई. भोवती शंभर माणसे उभी असली तरी आकडा त्या दोघांपलीकडे जात नसे. 'हत्ता' या नावाने ही पद्धत ओळखली जाई. तिला एक अट मात्र होती. दोन्ही हात एकाच रुमालाखाली आले पाहिजेत, म्हणजे दोन्ही माणसे समोरासमोर असली पाहिजेत. एक नागपुरास आणि दुसरा इंदुरास असेल, तर तो रुमाल काय कामाचा?

दूरच्या माणसाशी गुप्तपणे बोलायचे, तर मनुष्याने फार पूर्वीपासून कूटलेखनाचा आश्रय घेतला. ठरलेल्या रीतीने अक्षरांची अदलाबदल करावयाची, आणि ती रीत ज्याला ठाऊक त्यानेच मजकूर पुन्हा जुळवावयाचा. ही रीत म्हणजे कुलपाची किल्लीच. परंतु येथे एक मोठी अडचण उभी राहते. ज्या किल्लीने कुलूप लावले, तिनेच ते उघडावयाचे. तेव्हा पत्र पाठवण्यापूर्वी किल्ली पलीकडे पोचली पाहिजे. ती पोचवण्यास विश्वासू जासूद हवा. आणि असा जासूद हाताशी असेल, तर पत्रच त्याच्या स्वाधीन का करू नये? राज्ये आणि सैन्ये यांनी पैसा व माणसे खर्चून ही अडचण निभावून नेली. सामान्य माणसाजवळ ना तो पैसा, ना ती माणसे.

या कोड्याचे उत्तर १९७६ साली अमेरिकेत व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी जगापुढे मांडले. बंद करण्याची किल्ली आणि उघडण्याची किल्ली या दोन निराळ्या असू शकतील, असा त्यांचा विचार होता. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी त्या विचाराला गणिताचे रूप दिले. वस्तुतः ब्रिटिश सरकारच्या संदेशखात्यात जेम्स एलिस यांना ही कल्पना १९७० मध्येच सुचली होती, आणि क्लिफर्ड कॉक्स यांनी १९७३ मध्ये तिचे गणितही मांडले होते. पण ते सारे सरकारी गुपित राहिले. १९९७ च्या डिसेंबरात ते उघड झाले, तेव्हा एलिस यांना जाऊन जेमतेम काही आठवडे झाले होते.

हे गणित दिसते तितके दुर्गम नाही. ३ आणि ११ हे दोन मूळ अंक घ्यावेत. त्यांचा गुणाकार ३३. एका गृहस्थाने ३३ आणि ३ हे दोन आकडे आपली उघडी किल्ली म्हणून चारचौघांत जाहीर केले, असे समजू. कोणाला त्याच्याकडे ४ हा आकडा गुप्तपणे पाठवावयाचा आहे. पाठवणारा चाराचा घन करतो, तो ६४. चौसष्टास तेहतिसाने भागले की बाकी उरते ३१. हे ३१ त्याने खुशाल पोस्टकार्डावर लिहून पाठवावेत. त्या गृहस्थाजवळ ७ ही गुप्त किल्ली आहे. तो एकतिसाचा सातवा घात करून त्याला तेहतिसाने भागतो, आणि बाकी उरते नेमकी ४! सात हा आकडा आला कोठून? मूळ अंकांतून एकेक वजा केला की २ आणि १० राहतात. त्यांचा गुणाकार २०. तिनाला ज्याने गुणले असता विसाने भागून बाकी एक उरेल, असा अंक म्हणजे सात. म्हणजेच ३३ चे मूळ अवयव ज्याला ठाऊक, त्यालाच गुप्त किल्ली सापडते.

तेहतिसाचे अवयव शाळकरी मुलगाही सांगेल. परंतु आज वापरात असलेल्या अशा एका किल्लीतील आकडा ९२५ अंकी असतो. अडीचशे अंकी एका आकड्याचे अवयव २०२० साली काढण्यात आले, त्याला एकाच संगणक-गाभ्यावर मोजले तर सुमारे २,७०० वर्षे होतील इतके श्रम पडले. गुणाकार सोपा आणि त्याची उकल अवघड, या एवढ्याशा विषमतेवर ही सारी इमारत उभी आहे.

हे शास्त्र सामान्य माणसाच्या हाती आले, ते १९९१ साली. फिल झिमरमन या अमेरिकन गृहस्थांनी 'प्रीटी गुड प्रायव्हसी' नावाची आज्ञावली तयार केली आणि ती फुकट वाटली. अमेरिकेच्या त्या वेळच्या कायद्याने बलवान कूटलेखनाची गणना युद्धसामग्रीत होत होती. ही आज्ञावली देशाबाहेर गेली म्हणून १९९३ पासून झिमरमन यांची चौकशी चालली. १९९६ च्या आरंभी कोणताही आरोप न ठेवता ती थांबवण्यात आली. पुढे जर्मनीतील वेर्नर कॉख यांनी त्याच पद्धतीचे, पण कोणालाही आतून तपासता येईल असे स्वतंत्र साधन लिहिले. १९९९ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. 'ग्नू प्रायव्हसी गार्ड' हे त्याचे नाव. बोलण्यात त्याला 'जीपीजी' म्हणतात.

जीपीजीला स्वतःचा थाटमाट नाही. चित्रे नाहीत, बटणे नाहीत. संगणकाच्या पडद्यावर एक ओळ लुकलुकत असते, तिच्यापुढे आज्ञा टंकावयाची आणि उत्तर वाचावयाचे. नागपूरचे एक वकील आणि इंदुरास राहणारा त्यांचा पक्षकार यांना मिळकतीच्या दाव्याची कागदपत्रे एकमेकांकडे पाठवावयाची आहेत, असे समजू. प्रथम वकीलसाहेब 'जीपीजी' हे अक्षर-त्रय, नंतर दोन आडव्या रेघा आणि त्यांना जोडून 'फुल-जनरेट-की' असे टंकतात. यंत्र नाव विचारते, टपालाचा पत्ता म्हणजे ईमेल विचारते, किल्ली किती मुदतीची हवी ते विचारते, आणि शेवटी परवलीचे वाक्य मागते. क्षणभरात किल्ल्यांची जोडी तयार होते. गुप्त किल्ली त्यांच्याच संगणकात, त्या परवलीच्या वाक्याने झाकलेली राहते. उघडी किल्ली 'एक्सपोर्ट' या आज्ञेने बाहेर काढून ते पक्षकाराकडे पाठवतात. नावात किल्ली असली, तरी ती खरे म्हणजे खटक्याचे उघडे कुलूप आहे. ते दाबून लावता कोणालाही येते, उघडता मात्र धन्यासच येते.

इंदूरचा पक्षकार 'इम्पोर्ट' म्हणून ते कुलूप आपल्या जुडग्यात घेतो. मग 'एनक्रिप्ट' ही आज्ञा, तिच्यापुढे वकिलांचे नाव आणि कागदाचे नाव. आत काय घडते? यंत्र त्या एका कागदापुरती नवी किल्ली बनवते, तिने कागद बंद करते, आणि ती लहानशी किल्ली वकिलांच्या मोठ्या कुलपात ठेवून देते. कारण मोठ्या आकड्यांचे गणित सावकाश चालते. नागपुरास 'डिक्रिप्ट' म्हणताच कागद उलगडतो. वाटेत कोणी तो उचलला, तर त्याच्या हाती निरर्थक अक्षरांचा ढीग तेवढा लागतो.

हीच जोडी उलट दिशेनेही चालते, आणि तिचा तो उपयोग कदाचित अधिक मोलाचा आहे. 'साइन' म्हटले की यंत्र मजकुराचे सार एका ठराविक लांबीच्या आकड्यात काढते आणि त्यावर गुप्त किल्लीची मोहोर उठवते. उघडी किल्ली ज्याच्याजवळ आहे, असा कोणीही 'व्हेरिफाय' म्हणून ती मोहोर पारखू शकतो. मजकुरातला एक स्वल्पविराम जरी हलला, तरी मोहोर जुळत नाही. भारतात २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने अशा स्वाक्षरीला मान्यता दिली. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला डिजिटल स्वाक्षरीचा जो सातबारा उतारा मिळतो, त्याचे साधन वेगळे असले तरी त्यामागचे तत्त्व हेच आहे.

इतके सारे निर्दोष असताना काळजी ती कसली? काळजी आहे, आणि ती गणिताच्या बाहेर आहे. इंदुरास पोचलेली उघडी किल्ली वकिलांचीच होती कशावरून? किल्ली तयार करताना यंत्र नाव विचारते; ते नाव खरे की खोटे, हे ते पाहू शकत नाही. कोणीही तिऱ्हाईत वकिलांच्या नावाने किल्ली बनवील आणि ती पक्षकाराकडे धाडील. पक्षकार मोठ्या विश्वासाने आपले कागद त्या तिऱ्हाईताच्या कुलपात ठेवील. गणित बिनचूक असेल, कुलूप अभेद्य असेल, आणि तरीही घर चोराच्या हवाली केलेले असेल.

यावर उपाय साधा आहे. प्रत्येक किल्लीचा एक ठसा असतो. तो चाळीस अक्षर-अंकांचा असून 'फिंगरप्रिंट' म्हणताच पडद्यावर उमटतो. पक्षकाराने दूरध्वनी उचलावा. वकिलांचा आवाज ओळखीचा आहे. त्यांनी आपल्या पडद्यावरील चाळीस अक्षरे चार-चार करून वाचावीत, पक्षकाराने आपल्यापुढची ताडून पाहावीत. शेवटची आठच जुळली म्हणून थांबू नये. तेवढी जुळणारी खोटी किल्ली बनवता येते, हे २०१४ मध्ये करून दाखवण्यात आले आहे. दोन मिनिटांचे हे काम. पण ते कंटाळवाणे असते आणि म्हणून ते टाळले जाते. खातरजमा न केलेल्या किल्लीने कागद बंद करू लागले, तर जीपीजी स्वतः थांबते. ही किल्ली या नावाच्या माणसाचीच आहे याची खात्री नाही, तरीही वापरावयाची काय, असा प्रश्न ते विचारते. काहीच न सांगता पुढे गेले, तर त्याचे उत्तर 'नाही' असे धरले जाते. 'होय' म्हणण्यास मनुष्यालाच एक अक्षर टंकावे लागते. आणि घाईत असलेला मनुष्य ते टंकतो.

साधन सोपे करून ही अडचण संपेल, अशी आशा होतीच. १९९९ साली अल्मा व्हिटन आणि डग टायगर यांनी झिमरमन यांच्या आज्ञावलीची, चित्रे आणि बटणे असलेली आवृत्ती बारा जणांच्या हाती देऊन पाहिली. एक संदेश कूटबद्ध करून, सही करून पाठवावयाचा होता; वेळ होता नव्वद मिनिटे. बहुतेकांना ते साधले नाही. तिघांनी तर गुप्त मजकूर उघडाच पाठवून दिला. हातातले साधन बलवान होते. परंतु कोणती किल्ली कोणासाठी, हेच मनात स्पष्ट नव्हते.

आणि टाळाटाळीची किंमत किती मोठी होऊ शकते, याचेही उदाहरण आहे. २०१२ च्या डिसेंबरात ग्लेन ग्रीनवाल्ड या पत्रकारास एका अनामिकाचे पत्र आले. सुरक्षितपणे बोलता यावे म्हणून आपण उघडी किल्ली तयार करावी, अशी त्यात विनंती होती. ग्रीनवाल्ड यांना ते काम किचकट वाटले, आणि ते आज-उद्यावर पडले. तो अनामिक होता एडवर्ड स्नोडन. अखेर त्याने लॉरा पॉइट्रस या चित्रपटदिग्दर्शिकेशी संधान बांधले, कारण तिला ही किल्ली वापरणे येत होते. २०१३ च्या जूनमध्ये अमेरिकन सरकारच्या टेहळणीचा वृत्तांत जगभर गाजला. ग्रीनवाल्ड त्यात होते खरे. पण एका न बनवलेल्या किल्लीपायी तो वृत्तांत त्यांच्या हातून जवळजवळ निसटला होता.

हे साधन सांभाळणारा मनुष्यही असाच दुर्लक्षित राहिला होता. कॉख यांची आर्थिक ओढाताण २०१५ च्या फेब्रुवारीत वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली, तेव्हा कोठे मदतीचा ओघ सुरू झाला. सारे ज्या कुलपावर विसंबून, त्या कुलूपकाराची चौकशी मात्र कोणी केलेली नव्हती.

राहता राहिली एक गोष्ट. परवलीचे वाक्य विसरले, तर जीपीजीजवळ क्षमा नाही. तेथे अर्ज करण्यास कचेरी नाही आणि दुसरी किल्ली ठेवणारा रखवालदारही नाही. त्या किल्लीने बंद झालेले कागद धन्यालाही परके होतात. ती चोरीस गेली, तर चोर धन्याच्या नावाने सही करू लागतो. म्हणूनच किल्ली जन्मास येते त्याच वेळी जीपीजी तिचे रद्दपत्रही लिहून ठेवते. किल्ली हरवली अथवा चोरीस गेली, तर ते रद्दपत्र प्रसिद्ध करावयाचे, म्हणजे त्या कुलपावर यापुढे कोणी विसंबू नये हे सर्वांस कळते. शहाण्या गृहस्थाने हे पत्र कागदावर छापून घ्यावे आणि घरातल्या मिळकतीच्या कागदांबरोबर कपाटात ठेवावे.

नागपूरचे वकील आणि इंदूरचा पक्षकार यांनी ठसा एकदा नीट ताडून पाहिला, की पुढे वर्षानुवर्षे त्यांचा पत्रव्यवहार निर्वेध चालेल. रुमालाखाली दोन हात येण्याची गरज उरलेली नाही, हे खरे. पण समोरचा हात कोणाचा आहे, हे बाजारातला शेतकरी डोळ्यांनी पाहत असे. यंत्रापुढे बसणाऱ्याने ते विचारून घ्यावयाचे आहे, एवढाच काय तो फरक. ती दोन मिनिटे ज्याने दिली, त्याचे कुलूप खरे.