आधी वाचा, मग हँडल मारा

(रात्रीच्या वर्गात केलेले भाषण)



आज आम्ही तुमच्याशी एका जुन्या यंत्राविषयी बोलणार आहोत. यंत्र आहे लाकूड कापायचे. सरकारी कागदात त्याला आरागिरणी म्हणतात. आपण सॉमिल म्हणतो.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, तुम्ही मॅट्रिक झालेले मास्तर. सारा जन्म फळ्यापुढे गेला. तुम्हाला यंत्रातले काय कळते?" खरे आहे. आम्हाला काही कळत नव्हते. कळत नसताना आम्ही पुढे पुढे केले. त्याचे फळ दुसऱ्याच्या पोराने भोगले. म्हणून तर आज बोलायला उभे राहिलो.

पुराने काय केले

आपले गाव कृष्णाकाठचे. एका अंगाला कराड तालुका, म्हणजे सातारा जिल्हा. दुसऱ्या अंगाला वाळवा तालुका, म्हणजे सांगली जिल्हा. नदीच्या कडेला सुताराच्या आबांची सॉमिल. परवाना त्यांच्या वडिलांपासूनचा. बाभळीचा ओंडका असो, कडुलिंबाचा असो, साऱ्या पंचक्रोशीचे लाकूड आबांकडे यायचे.

ऑगस्ट २०१९ चा महापूर तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. आबांची गिरणी पाण्याखाली गेली. पाणी उतरले तेव्हा इंजिनात गाळ, बेअरिंगात गाळ. यंत्र मोडीत द्यावे लागले.

आबांनी विचार केला. यंत्र जमिनीत रोवले म्हणून बुडाले. चाकांवर असते तर ट्रॅक्टर जोडून वरच्या माळावर नेता आले असते. मग दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर त्यांनी एक जुने यंत्र आणले. लोखंडी सांगाडा, खाली दोन टायर, वर पट्टीसारखे लांब पाते फिरवणारी दोन मोठी चाके आणि बाजूला डिझेल इंजिन. यंत्र कित्येक वर्षे उघड्यावर पडलेले होते. पैशासाठी घरातल्या पाटल्या गहाण पडल्या.

आमची चूक

यंत्र आले. गल्ली गोळा झाली. आम्हीही नारळ घेऊन गेलो. जो तो म्हणे, "आबा, चालू करा!" त्यात आमचाही आवाज होता. गुरुजी म्हणाले, मग काय, आबांनी हँडल मारले. इंजिन धडधडले. टाळ्या पडल्या. ओंडका लावला.

पाच मिनिटेही झाली नसतील. फाडकन आवाज आला. पाते तुटले. पात्यावर जाळी नव्हती. तुटलेले टोक चाबकासारखे बाहेर आले आणि आबांच्या थोरल्या मुलाच्या डाव्या हातावर बसले. त्याला आम्ही कराडला दवाखान्यात नेले. हात वाचला. पण दोन बोटे आजही पुरी मिटत नाहीत. सुताराच्या हाताला दोन बोटे कमी म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

यंत्र शेडमध्ये पडून राहिले. आबा त्याच्याकडे पाहीनात. "अपशकुनी आहे," असे लोक म्हणू लागले.

सूनबाईने काय वाचले

त्याच थोरल्या मुलाची बायको आपल्या या वर्गात येत होती. तिने एक दिवस रॉकेलचे फडके घेऊन यंत्र पुसायला घेतले. पुसता पुसता रंगाच्या थराखाली पितळी पाटी लागली. तिने नखाने रंग खरवडला. अक्षरे इंग्रजी होती, पण आकडे तिला येत होते. मोबाईलवर रोज लावत होती ना! तिने धावत येऊन आम्हाला सांगितले, "गुरुजी, करवतीच्या पाटीवर पाचशे लिहिलंय. इंजिनाच्या पाटीवर पंधराशे. हे काय असतंय?"

आम्ही जाऊन पाहिले. आकड्यापुढे आर.पी.एम. अशी अक्षरे होती. आर.पी.एम. म्हणजे एका मिनिटातल्या फेऱ्या. करवतीचे चाक मिनिटाला ५०० फेऱ्या फिरावे, असे बनवणाऱ्याचे सांगणे होते. इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्या फिरते.

मग आम्ही पुल्या मोजल्या. इंजिनाची पुली १२ इंच. करवतीची पुली १८ इंच. आता हिशेब करा. इंजिनाच्या फेऱ्यांना इंजिनाच्या पुलीने गुणा आणि करवतीच्या पुलीने भागा.

१५०० गुणिले १२ म्हणजे १८,०००. भागिले १८ म्हणजे १,०००.

पाटी म्हणते ५००, आणि आम्ही चाक फिरवले १,००० ने! दुप्पट! गंजलेले पाते तुटेल नाही तर काय होईल?

असे कसे झाले, ते पुढे मिस्त्रींनी सांगितले. या यंत्राला पूर्वी सावकाश चालणारे इंजिन असावे, मिनिटाला ७५० फेऱ्यांचे. ७५० गुणिले १२, भागिले १८, बरोबर ५००. मधे कोणीतरी इंजिन बदलले, नवे इंजिन दुप्पट वेगाचे बसवले, आणि पुली मात्र जुनीच ठेवली. इंजिनाची पुली ६ इंची केली की हिशेब पुन्हा जुळतो. १५०० गुणिले ६, भागिले १८, पाचशे.

यंत्र अपशकुनी नव्हते. पाटी वाचली नव्हती, एवढेच.

५०० फेऱ्या म्हणजे सावकाश, असे मात्र समजू नका. आबांच्या करवतीचे चाक ३० इंची आहे. त्याच्यावरून पाते मिनिटाला सुमारे ३,९०० फूट धावते. म्हणजे मिनिटाला किलोमीटरहून जास्त. त्याच्यापुढे हात काय चीज आहे?

मिस्त्री आपल्याच मुलखात आहेत

आम्ही आबांना म्हटले, "आता मिस्त्री आणू." आपल्या भागात चांगल्या मिस्त्रींचा तोटा नाही. त्याला कारण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी मुंबईत शिक्षक होते. मग बेळगावला त्यांनी सायकलींचे दुकान काढले. १९१० साली त्यांनी कुंडलजवळ, औंधच्या राजांनी दिलेल्या निवडुंगाच्या माळावर, किर्लोस्करवाडी वसवली. तिथे लोखंडी नांगर आणि कडबा कापायची यंत्रे झाली. साताऱ्याला धनजीशा कूपर यांनी १९२२ साली कारखाना काढला, आणि १९३३ साली तिथे डिझेल इंजिन तयार झाले. आपल्या बापजाद्यांनी या कारखान्यांत हातोडी धरली. तिथली विद्या गावोगाव पसरली.

मिस्त्री आले. त्यांनी पहिल्या दिवशी हँडलला हातच लावला नाही. कामाचा क्रम त्यांनी सांगितला तो असा.

पहिले काम कागदाचे

यंत्र घेताना विकणाऱ्याकडून पावती घ्या. परवाना कोणाच्या नावावर आणि कोणत्या जागेचा, ते वनखात्याच्या कचेरीत जाऊन विचारा. चाकांवरचे यंत्र म्हणजे कुठेही नेऊन लाकूड कापावे, असे नाही. ४ मार्च १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या आणि उत्तर प्रदेशातल्या बिनपरवाना आरागिरण्या बंद करण्याचा हुकूम दिला. आबांनी यंत्र बदलण्याआधी अर्ज केला होता. तेवढे एक त्यांनी नीट केले होते.

लाकडाचेही तसेच. झाड आपल्या शेतातले असले, तरी आंबा, चिंच, फणस, जांभूळ, साग अशी झाडे तोडायला परवानगी लागते. हा कायदा १९६४ सालचा आहे. गिऱ्हाइकाने ओंडका आणला की आधी कागद पाहा.

दुसरे काम इंजिनाचे

पडून राहिलेल्या इंजिनाची ऑइलची पट्टी काढून पाहा. ऑइल दुधासारखे पांढरट दिसले, तर आत पाणी गेले आहे. तसेच चालवले तर इंजिन जाम होईल. सगळे ऑइल काढा, नवे भरा.

डिझेलच्या टाकीतही पाणी साचते. पाणी डिझेलपेक्षा जड. ते तळाशी बसते. म्हणून टाकी तळापासून रिकामी करा. फिल्टर बदला. नंतर नळीतली हवा काढा. इंजिनाने एअर घेतला असेल, तर दिवसभर हँडल मारले तरी ते चालू होत नाही. फिल्टरवरचा स्क्रू थोडा सैल करा. आधी फेस येईल. फेस जाऊन नुसते डिझेल येऊ लागले की स्क्रू आवळा.

इंजिनाला थंड ठेवणारे पाणी भरा. मग दाब सोडायचा खटका वर करून जड चाक हाताने सावकाश फिरवा. ते कुठे अडते का, आत खरखर आहे का, ते पाहा.

हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. मुठीत आवळू नका. हँडल उलटे फिरले तर अंगठ्याचे हाड मोडते.

इंजिन चालू झाले की धुराकडे पाहा. काळा धूर आला तर भार जास्त झाला किंवा हवा कमी पडली. निळा धूर आला तर ऑइल जळते आहे. पांढरा धूर थंड इंजिनाचा असतो. तो थांबलाच नाही, तर मिस्त्रीला दाखवा.

तिसरे काम करवतीचे

दोन्ही मोठी चाके हाताने हलवून पाहा. खडखडली तर बेअरिंग गेले. दोन्ही चाके एका रेषेत आहेत का, ते दोरी ताणून बघा. एक चाक तिरके असेल, तर पाते उतरते.

पाते उन्हात धरून बोट न लावता डोळ्यांनी तपासा. दातांच्या मुळाशी केसासारखी चीर दिसली, तर ते पाते वापरू नका. दातांचे तोंड पाते ज्या दिशेला धावते त्या दिशेला हवे. पाते उलटे बसले, तर लाकूड कापत नाही, नुसते घासते आणि जळते. संध्याकाळी काम संपले की पात्याचा ताण सैल करा. बैलाचे जू आपण रात्री उतरवतो, तसेच हे.

पात्यावर आणि पट्ट्यावर जाळी बसवा. आबांच्या यंत्राची जाळी गावच्या लोहाराने एका दिवसात करून दिली. ती आधी असती तर? हा प्रश्न आम्ही रोज स्वतःला विचारतो.

चौथे काम जागेचे

यंत्र चाकांवर आहे म्हणून ते हलते. टायरखाली दगड नको, लाकडी ठोकळे आणि पाचरी द्या. चारी पाय टेकवा. गवंड्याची पाणसळ ठेवून बघा. सांगाडा तिरका असेल, तर फळी एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक निघते.

पाचवे काम चालवण्याचे

आधी दहा मिनिटे यंत्र रिकामे चालवा. पात्याच्या रेषेत कोणी उभे राहू नये. पोरे लांब ठेवा. मग आंब्यासारखे मऊ लाकूड लावा. बाभूळ नंतर.

ओंडका लावण्याआधी साल तासून पाहा. बांधावरच्या झाडात कुंपणाची तार असते. रस्त्याकडेच्या झाडात पाट्यांचे खिळे असतात. खिळ्यावर पाते गेले, की दात गेले.

गळ्यात टॉवेल नको. धोतराचा सोगा, साडीचा पदर खोचून घ्या. डोळ्यांना चष्मा लावा. भुसा काढायचा असेल तर इंजिन बंद करा, चाक पुरे थांबू द्या, मग हात घाला.

पुढे काय झाले

एवढे सगळे करायला तीन आठवडे लागले. या वेळी आम्ही नारळ घेऊन गेलो, पण "चालू करा" म्हणालो नाही. कोपऱ्यात गप्प उभे राहिलो. सूनबाईने दोन्ही पाट्या मोठ्याने वाचल्या. आबांनी पुली मोजून दाखवली. मग मिस्त्रींनी मान हलवली. थोरल्या मुलाने उजव्या हाताने हँडल मारले.

आंब्याची पहिली फळी सरळ निघाली. तिचा काळा रंगवलेला फळा या वर्गात तुमच्यासमोर आहे.

जुलै २०२१ मध्ये कृष्णेला पुन्हा पूर आला. आबांच्या शेडमध्ये पाणी शिरले. पण यंत्र तिथे नव्हते. आदल्या दिवशीच ट्रॅक्टरने ते माळावर नेऊन ठेवले होते. त्यानंतर एका वर्षाच्या आत पाटल्या सुटून घरी आल्या.

शेडच्या दारावर सूनबाईने खडूने काही ओळी लिहिल्या आहेत. पुसट झाल्या की ती पुन्हा लिहिते. रोज सकाळी त्या वाचल्याशिवाय घरातले कोणी हँडलला हात लावत नाही. त्या ओळी तुम्हीही उतरून घ्या.

पाटी वाचली का?
ऑइल, पाणी, डिझेल पाहिले का?
पात्याला चीर नाही ना?
जाळी लावली का?
ठोकळे घट्ट आहेत का?
पोरे लांब आहेत का?

सॉमिल तुमच्याकडे नसेल. पण विहिरीवर मोटार असेल, घरात गिरणी असेल, उसाचा घाणा असेल. प्रत्येक यंत्रावर एक पाटी असते. बनवणाऱ्याने तुमच्यासाठी लिहिलेले ते पत्र असते. उद्या घरी गेल्यावर फडके घ्या, ती पाटी पुसा आणि काय लिहिले आहे ते वहीत उतरून आणा. पुढच्या आठवड्याचा आपला धडा तोच.